पट्ट्यांवरचे गाणे : पेटी, पियानो आणि ध्वनिमुद्रणांची तुलना

शिरूर अनंतपाळ येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित संहिता

पियानोचा स्वर उमटतो त्या क्षणापासूनच विरू लागतो. पट्टी दाबली की आतली नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. त्यानंतर त्या स्वराला फुगवणे, वळवणे किंवा थरथरवणे वादकाच्या हाती उरत नाही. फार तर तो कधी तोडायचा एवढे त्याला ठरवता येते. पेटीचे दुखणे वेगळे आहे. भाता चालू आहे तोवर तिचा स्वर टिकतो, भात्याच्या दाबाने लहानमोठाही होतो. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, म्हणजे मींड, तिला येत नाही. पियानोजवळ टिकणारा स्वर नाही आणि पेटीजवळ मींड नाही. असे असूनही दोन्ही वाद्यांवर जे संगीत लोकांनी सर्वांत जास्त डोक्यावर घेतले ते गळ्यातून आलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रोमँटिक पियानोसंगीताचा मोठा भाग इटालियन ऑपेराच्या गायकीकडे पाहत घडला. मराठी मुलखातले स्वतंत्र पेटीवादन नाट्यपदाच्या अंगाने वाढले. वाद्याला जे जमत नाही ते जमल्याचा भास निर्माण करणे हे दोन्हीकडे वादकाचे खरे काम ठरले. हा भास प्रत्येक जण आपापल्या रीतीने साधतो, आणि ध्वनिमुद्रणांची तुलना करायची ती या रीतींची.

शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर या भागात पेटी ही काही नवलाची वस्तू नाही. भजनी मंडळांच्या वरच्या पट्टीतल्या अभंगांना ती साथ करते, शाळेच्या प्रार्थनेलाही लागते. पियानोची गोष्ट तशी नाही. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने मुंबईच्या पारशी आणि गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती घरांत रुजला; त्याच्या मोठ्या मैफली नरिमन पॉइंटवरील एनसीपीएच्या १९८० मध्ये सुरू झालेल्या टाटा थिएटरसारख्या सभागृहांत होतात. मराठवाड्यातल्या श्रोत्याला पियानो भेटतो तो ध्वनिमुद्रणातून. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. या व्याख्यानात ज्यांचा विचार होणार आहे ते बहुतेक वादक आज हयात नाहीत, तेव्हा ते मुंबईकरालाही तबकडीतूनच ऐकावे लागतात.

तुलनेसाठी एकच लहान रचना हाताशी असलेली बरी. फ्रेडरिक शोपँ (१८१० ते १८४९) याचे नववे रचनापुष्प, त्यातले दुसरे नॉक्टर्न, या कामी सोयीचे आहे. १८३२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या भावावस्थेतली छोटी, गाती रचना. हा प्रकार जॉन फील्ड या आयरिश वादकाने रूढ केला आणि शोपँने तो आपलासा केला. या नॉक्टर्नचा षड्ज पेटीवर काळी दोनवर येतो. चाल मंद्र पंचमावरून एकदम मध्य सप्तकातल्या गांधारावर झेप घेते आणि तिथे थांबते. डावा हात सबंध रचनाभर एकच काम करतो : खाली एक खर्जाचा स्वर, मग वर दोनदा स्वरसंघात, पुन्हा खर्ज, पुन्हा दोन संघात. मुख्य चाल चार वेळा येते आणि दर वेळी थोडी अधिक सजून येते. कुठे मुरकी, कुठे खटका, कुठे एका मात्रेत कोंबलेली छोटी तान. नाट्यगीत गाणारा नट ध्रुवपदावर परत येताना दर खेपेला नवी जागा घेतो, तसेच हे. फरक इतकाच की या जागा शोपँने कागदावर लिहून ठेवल्या आहेत. शेवटाजवळ एक तुकडा असा आहे की तिथे मात्रामोजणीच थांबते, उजवा हात एकटाच चार स्वरांची एक आकृती घोळवत राहतो आणि मग चाल शांतपणे संपते.

शोपँच्या शिष्यांच्या आठवणींतून त्याचे एक सूत्र पुढे आले आहे : डाव्या हाताने लय सांभाळायची आणि उजव्या हाताने तिच्यात मोकळे फिरायचे. युरोपात याला रुबातो म्हणतात. भारतीय श्रोत्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, कारण तबलजीचा ठेका आणि गायकाची लय यांचे नाते त्याने आयुष्यभर ऐकलेले असते. ठेका जागचा हलत नाही. गायक मात्रेच्या थोडा मागे राहतो, मध्येच पुढे धावतो आणि समेला नेमका येऊन मिळतो. बालगंधर्वांच्या तबकड्यांत हे विशेष ऐकू येते. त्यांच्या कंपनीत काही काळ अहमदजान थिरकवाँ तबल्याला होते. बाहेर इतके उत्तम लयभान असताना गाणाऱ्याने लयीला इतके सैल, तरी बिनचूक धरावे, हा त्या गाण्यातला एक मोठा आनंद आहे. शोपँच्या नॉक्टर्नमध्ये थिरकवाँ आणि बालगंधर्व या दोन्ही भूमिका एकाच माणसाने दोन हातांनी करायच्या असतात.

इथेच पियानोवादकांच्या दोन जाती वेगळ्या पडतात. एका जातीचे वादक डावा हात खरोखरच स्थिर ठेवतात. दुसऱ्या जातीचे वादक लय ओढतात तेव्हा दोन्ही हात एकदम ओढतात, म्हणजे ठेकाच गायकाबरोबर मागेपुढे होतो. आजच्या सभागृहांत ऐकू येणारे बरेचसे शोपँवादन या दुसऱ्या प्रकारचे आहे. पहिला प्रकार नामशेष झालेला नसला तरी तो शोधावा लागतो, आणि तो जुन्या तबकड्यांत सापडतो.

अशा जुन्या वादकांपैकी राउल कोचाल्स्की याचे महत्त्व वेगळे आहे. तो कारोल मिकुली याचा शिष्य, आणि मिकुली थेट शोपँचा. १९३८ मध्ये कोचाल्स्कीने हेच नॉक्टर्न मुद्रित केले आणि त्यात छापील प्रतीत नसलेल्या, पण शोपँच्या शिष्यपरंपरेतून आलेल्या जादा जागा वाजवल्या. ते ऐकताना छापील पान हे रचनेचे अंतिम रूप आहे ही समजूत ढिली होते. तरीही एक सावधगिरी बाळगायला हवी. गुरूचा गुरू थोर होता म्हणून शिष्याचे वादन आपोआप प्रमाण ठरत नाही. घराण्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हा भ्रम पुरेसा जोपासलेला आहे. कोचाल्स्कीचे वादन ऐकावे ते त्याच्या लयीच्या सैल, बोलक्या चलनासाठी आणि डाव्या हाताच्या संयमासाठी. त्याची वंशावळ हा नंतरचा मुद्दा.

कोचाल्स्कीच्याही आधीच्या पिढीत एक सवय सर्रास होती : डावा हात अगोदर पडायचा आणि उजव्या हाताचा गाता स्वर किंचित उशिरा. इग्नात्सी पादेरेव्स्की, जो १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधानही झाला, त्याच्या तबकड्यांत हे ठळकपणे ऐकू येते. आजच्या कानाला ते प्रथम ढिसाळ वाटते. त्यामागचे कारण मात्र वाद्याच्या स्वभावातच आहे. पियानोचा स्वर जन्मतःच सर्वांत मोठा असतो. खर्ज आणि गाता स्वर एकदम वाजले तर दोन आघात एकावर एक बसतात; गाता स्वर क्षणभर मागे ठेवला तर तो खर्जाच्या गुंजनावर अलगद उमटतो आणि त्याच्या आघाताची धार बोथट होते. गायक स्वर लावताना खालून एक सूक्ष्म कण घेतो, त्याची ही पियानोवरची भरपाई. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर संगीतविद्यालयांनी ही सवय दोष म्हणून काढून टाकली. दोष गेला आणि त्याबरोबर एक उपायही गेला.

आर्थर रुबिनस्टाइन (१८८७ ते १९८२) याने नॉक्टर्न तीनदा मुद्रित केली : १९३६-३७ मध्ये लंडनला, १९४९-५० मध्ये अमेरिकेत आणि तिसऱ्यांदा १९६५ च्या सुमारास स्टीरिओत. वादक तोच, रचना त्याच आणि मध्ये जवळपास तीस वर्षे, त्यामुळे तुलनेच्या अभ्यासाला याहून चांगले साहित्य मिळणे कठीण. पहिल्या मुद्रणात वाक्ये पुढे झेपावतात. काही ठिकाणी तो इतका उतावीळ वाटतो की दुसऱ्या दिवशी त्याने तेच वेगळे वाजवले असते अशी खात्री पटते. तिसऱ्यात लय संथ आहे, प्रत्येक स्वर भरदार आणि गोल आहे, आणि कोणतीही जागा घेताना आवाज चढवलेला नाही. बहुतेक जाणकार तिसऱ्याला परिपक्व म्हणतात. ध्वनीच्या दर्जापुरते ते खरे आहे. पण उमेदीच्या काळातल्या वादकाने धोका पत्करून घेतलेल्या जागा परिपक्वतेच्या खात्यात जमा होत नाहीत. पहिले मुद्रण अधिक जिवंत आहे. मराठी श्रोता बालगंधर्वांच्या आरंभीच्या तबकड्या आणि उतारवयातली मुद्रणे शेजारी ठेवतो तेव्हा त्यालाही हाच निवाडा करावा लागतो, आणि तिथे तो बहुधा भक्तीपोटी टाळला जातो.

आल्फ्रेद कोर्तो (१८७७ ते १९६२) याचे नाव निघाले की चुकीच्या स्वरांची गोष्ट निघतेच. १९२६ मध्ये आणि पुन्हा १९३३-३४ मध्ये त्याने शोपँची प्रेल्यूड मुद्रित केली. त्यांत चुकलेले स्वर स्पष्ट ऐकू येतात. त्याचा सराव कमी पडत असे असे म्हणता येईल, पण तेवढे पुरेसे नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेचार मिनिटे मावत. मधला तुकडा कापून दुसरा जोडण्याची सोय नव्हती. चूक झाली तर सगळी बाजू पुन्हा वाजवायची. शिंपल्यासारख्या वाक्याच्या गोलाईसाठी कोर्तो एक बोट घसरलेले चालवून घेई. चुंबकीय फीत आल्यावर, म्हणजे १९५० च्या आसपास, कात्री आली आणि बिनचूक स्वर ही किमान अपेक्षा बनली. १९७२ मध्ये मुद्रित झालेले माउरिझिओ पोलिनीचे शोपँचे एत्यूद हे या नव्या अपेक्षेचे टोक मानता येईल : प्रत्येक स्वर जागेवर, प्रत्येक वजन मोजलेले. ते थक्क करते. कोर्तोने वाजवलेले तेच एत्यूद ऐकल्यावर मात्र थक्क होणे आणि ओढले जाणे यांतले अंतर समजते.

कोर्तोचा पॅरिसमधला शिष्य दिनू लिपाती हा रोमानियाचा. व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरा क्रमांक दिला म्हणून परीक्षक असलेल्या कोर्तोने निषेधादाखल परीक्षकपद सोडले होते. लिपाती गुरूच्या उलट टोकाला जातो. जुलै १९५० मध्ये, गंभीर आजारात, त्याने जिनिव्हाला शोपँचे चौदा वॉल्ट्झ मुद्रित केले. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला फ्रान्समधल्या बझाँसाँ येथे त्याने शेवटची मैफल केली. चौदापैकी तेरा वॉल्ट्झ वाजवून झाल्यावर ताकद संपली आणि त्याने बाखची एक छोटी प्रार्थनारचना वाजवून उठायचे ठरवले. या मैफलीचेही मुद्रण उपलब्ध आहे. डिसेंबरात तो वारला, वय अवघे ३३. ही कथा माहीत झाल्यावर त्या तबकड्या तटस्थपणे ऐकणे अवघड होते, म्हणून शक्य तर जिनिव्हाचे मुद्रण आधी ऐकावे आणि बझाँसाँचे नंतर. जिनिव्हात करुणेचा मागमूस नाही. डावा हात नर्तकाच्या पायासारखा हलका आहे, उजवा हात लय सैल करतो ती केसभर, आणि अंतरंगातला एखादा दुय्यम आवाज, जो इतरांच्या वादनात गर्दीत हरवतो, तो आपणहून वर येतो. सतारीच्या श्रोत्याने चिकारीकडे लक्ष द्यावे तसे या मधल्या आवाजांकडे लक्ष द्यावे लागते.

वादकाने रचनेत किती ढवळाढवळ करावी याचा सर्वांत मोठा दाखला सर्गेई रखमानिनॉव्हचा आहे. शोपँच्या दुसऱ्या सोनाटात एक प्रसिद्ध शवयात्रेचे संचलन आहे. मध्ये एक शांत गाणे येते आणि संचलन परत येते. १९३० च्या मुद्रणात रखमानिनॉव्हने ते परत येताना पूर्ण ताकदीने सुरू केले आणि मग हळूहळू लहान करत नेले, जणू यात्रा समोरून जाऊन दूर निघाली आहे. छापील प्रतीत असे काही नाही. त्याच्या आधी आन्तोन रुबिनस्टाइन, म्हणजे आर्थरचा केवळ नामसाधर्म्याचा पूर्वसुरी, ते तसे वाजवत असे. रखमानिनॉव्ह स्वतः मोठा रचनाकार होता. दुसऱ्याच्या रचनेकडे तो कारागिराच्या नजरेने पाहत होता आणि दुरुस्ती करायला कचरत नव्हता. कुमार गंधर्वांनी १९६५ मध्ये बालगंधर्वांची पदे नव्याने मांडली तेव्हा कार्यक्रमाचे नावच ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे ठेवले. त्या नावात जो प्रामाणिकपणा आहे तो रखमानिनॉव्हच्या तबकडीलाही लागू पडतो. हा त्याला उमजलेला शोपँ आहे.

पेटीकडे वळताना आधी तिच्यावरचा आक्षेप पाहायला हवा, कारण तिच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास त्या आक्षेपाने घडवला. पेटी आणि पियानो दोन्ही समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेले असतात. या पद्धतीत शुद्ध गांधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट धरले तर हा फरक सातव्या हिश्श्याएवढा होतो. पियानोतही गांधार तितकाच चढा असतो, पण तिथे स्वर विरत जातो आणि शेजारी तंबोरा नसतो, म्हणून कान तक्रार करत नाही. पेटीचा स्वर टिकतो, तंबोऱ्यावर घासतो आणि कंप ऐकू येतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी बनवून घेण्याचा खटाटोप केला तो यामुळेच; अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली. १९७१ मध्ये ती साथीपुरती उठली; स्वतंत्र वादनाला त्यानंतरही बराच काळ दार बंद होते. परिणाम असा की गाण्याच्या सुवर्णकाळातली आकाशवाणीची मुद्रणे पेटीवाचून आहेत, आणि त्या काळातले पेटीवादन ऐकायचे तर ग्रामोफोन कंपन्यांच्या तबकड्या, नाटकांची मुद्रणे आणि खासगी मैफलींच्या फिती यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

पियानोवादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर असतात. पेटीवादकाचा एक हात भात्यावर गुंतलेला, म्हणून चाल एकाच हाताची. डाव्या हाताचे काम तबला करतो. म्हणजे शोपँने एका माणसात कोंबलेली विभागणी इथे पुन्हा दोन माणसांत सुटी झाली आहे. भात्याचा हात मात्र पियानोवादकाला नसलेली एक चैन आहे. तो श्वास आहे. वाक्याच्या आरंभी भाता मऊ, शब्दाच्या आघातावर हलका धक्का, स्वर सोडताना दाब काढून घेणे : जाणकार पेटीवादक अर्धी अभिव्यक्ती या हाताने करतो, आणि नवखा वादक ओळखायचा तोही याच हातावरून, कारण त्याचा भाता एकसुरी चालतो. मींडीच्या जागी काय करायचे, हा दुसरा प्रश्न. पहिली पट्टी पुरती न सोडता दुसरी दाबायची, म्हणजे दोन स्वर क्षणभर एकमेकांत मिसळतात. किंवा मधल्या पट्ट्यांना ओझरता स्पर्श करत जायचे. किंवा कण आणि खटक्यांनी कानाला फसवायचे.

हे सगळे एका पदावर तपासता येते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातले ‘नाथ हा माझा’ हे यमनातले पद, चाल भास्करबुवा बखले यांची, गाणारे बालगंधर्व. यमनात निषादावरून रिषभ आणि गांधाराकडे जाताना षड्ज बहुधा ओलांडला जातो, आणि तीव्र मध्यमाला गांधार-पंचमाच्या मध्ये तरंगत ठेवावे लागते. गायक हे मींडीने करतो. पेटीवर षड्जाची पट्टी वाटेत येते. ती चुकूनही बोलली तर राग पातळ होतो, आणि ती टाळून उडी मारली तर वाक्य तुटते. या चार स्वरांच्या अंतरात वादकाने काय केले ते ऐकले की त्याची सारी पद्धत कळते.

गोविंदराव टेंबे (१८८१ ते १९५५) यांच्यापासून ही परंपरा मोजता येते. भास्करबुवांना साथ करणारे टेंबे ‘मानापमान’च्या (१९११) चालींचे कर्ते होते, तेव्हा रखमानिनॉव्हप्रमाणेच वादक आणि रचनाकार एकाच देही नांदत होते. पुढच्या पिढीत पी. मधुकर यांच्या तबकड्यांनी स्वतंत्र पेटीवादन घराघरांत नेले. त्यांचा स्वर सुटा आणि चमकदार, तानेची गती विलक्षण, दाणा स्वच्छ. पेटी गायकाची नक्कल करते आहे असे त्यांच्या वादनात फारसे वाटत नाही. तीन मिनिटांच्या तबकडीला असेच तडफदार वादन शोभून दिसे, हेही लक्षात घ्यायला हवे. गोविंदराव पटवर्धन याच्या विरुद्ध बाजूला. रंगभूमीवरच्या ऑर्गनवर आणि मैफलीच्या साथीत मुरलेला हा हात पद वाजवताना शब्दांचे उच्चार वाजवतो. जोडाक्षरावरचा आघात, ओळीच्या शेवटी नटाने सोडलेला श्वास, दोन शब्दांमधली फट, सारे भात्यातून उतरते, आणि पद पाठ असलेल्या श्रोत्याला शब्द ऐकू आल्याचा भास होतो. पद पाठ नसलेल्याला मात्र त्यातले निम्मेच कळते. गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४ ते २०१८) हे मधुकरांचे शिष्य. त्यांच्याकडे गुरूची स्पष्टता आहे, पण तिचा वेग त्यांनी मुद्दाम उतरवला आणि ठेहरावाला जागा केली. गुरू-शिष्यांची मुद्रणे एकामागून एक ऐकली तर कोर्तो आणि लिपाती यांच्यातले अंतर इथे वेगळ्या दिशेने पुन्हा दिसते.

बेळगावचे रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) आणि जालन्याचे अप्पा जळगावकर (१९२२ ते २००९) यांचा मार्ग अधिक करून ख्यालाचा. मराठवाड्याच्या श्रोत्याला अप्पांचा अभिमान असणे स्वाभाविक आहे, पण त्यांचे मोठेपण स्वतंत्र वादनात शोधू नये. ते साथीत आहे. भीमसेन जोशींच्या मैफलींच्या फितींत गायक श्वास घेतो त्या पोकळीत अप्पांची पेटी काय भरते आणि काय भरत नाही, हे ऐकावे. गायकाच्या मागून अर्ध्या मात्रेने येणारा तो माग काढणारा स्वर हाही एक अन्वयार्थच आहे, फक्त तो गाणे चालू असतानाच लावलेला.

ऐकण्याच्या व्यवहारातल्या काही गोष्टी साध्या असल्या तरी त्यांच्यावाचून तुलना फसते. १९२५ पूर्वीच्या तबकड्या कर्ण्यातून मुद्रित होत. मायक्रोफोन नव्हता, त्यामुळे पियानोचा खर्ज जवळजवळ नाहीसा होई. अशा मुद्रणावरून वादकाचा डावा हात कमजोर होता असा निष्कर्ष काढू नये. छिद्रांच्या कागदी गुंडाळ्यांवर चालणाऱ्या यांत्रिक पियानोची मुद्रणे, उदाहरणार्थ १९०४ मध्ये बाजारात आलेल्या वेल्टे-मिन्योनची, आवाजाला स्वच्छ असतात. पण स्पर्शाचे बारकावे त्यांत यंत्राच्या मदतीने पुन्हा उभे केलेले असतात, म्हणून त्यांच्यावर वजनाच्या बाबतीत फार विसंबू नये. तबकडीचा वेग ही आणखी एक गोम. ७८ हा आकडा सुरुवातीला सर्वत्र पाळला जात नव्हता. मुद्रण ७४ फेऱ्यांवर झाले असेल आणि आज ते ७८ वर फिरवले तर स्वर जवळपास एका पट्टीने चढतो. काळी एकचे गाणे पांढरी दोनकडे सरकते आणि तान असावी त्याहून चपळ वाटते. शंका आली तर पेटी काढून षड्ज पाहावा : तो दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकला असेल तर वेगात गडबड असण्याचा दाट संभव आहे. खरखर काढून टाकलेल्या आवृत्तीत स्वराची आसही काही वेळा पुसली जाते, आणि पियानोच्या बाबतीत ते फार महागात पडते. थोडी खरखर असलेली प्रत पत्करावी. दोन मुद्रणांचा आवाज कानाला सारखा करून घ्यावा, कारण मोठ्याने वाजणारे मुद्रण सर्वांनाच आधी चांगले वाटते. आणि सबंध रचना शेजारी शेजारी ऐकण्यापेक्षा एकच जागा पुन्हा पुन्हा ऐकावी : नॉक्टर्नमधली पंचमावरून गांधारावरची झेप, किंवा ‘नाथ हा माझा’मधला निषाद ते गांधार प्रवास.

तबकड्या मिळवण्याची अडचण आता पूर्वीइतकी नाही. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिच्याद्वारे जुन्या तबकड्यांच्या नोंदी आणि श्रवणसत्रांचे मोठे काम केले. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो, आणि शब्द व चाल यांच्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. खाडिलकर १९४८ मध्ये आणि भास्करबुवा १९२२ मध्ये वारले, तेव्हा ‘स्वयंवर’ची पदे मोकळी आहेत. कोचाल्स्कीचे १९३८ चे नॉक्टर्न, कोर्तोची प्रेल्यूड, लिपातीचे जिनिव्हाचे वॉल्ट्झ आणि रुबिनस्टाइनची पहिली दोन मुद्रणे यांचीही भारतापुरती मुदत संपलेली आहे. रुबिनस्टाइनच्या तिसऱ्या मुद्रणाची आणि नंतरच्या पेटीवादनाच्या तबकड्यांची मुदत ज्या त्या तबकडीच्या प्रकाशनवर्षावरून मोजावी लागते.